घरफाळ्याचे अपील : लिहिणारा तोच, तपासणारा तोच



बँकेत चिकटलो त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडकॅशियरनी एक गोष्ट मनावर ठसवली. ज्याने व्हाउचर लिहिले त्याने ते पास करायचे नाही. व्हाउचर दहा रुपयांचे असो की दहा लाखांचे, आणि लिहिणारा कितीही सचोटीचा असो. पुढे लेजर गेले, संगणक आले, कोअर बँकिंग आले, तरी नियम तोच राहिला. एकाच्या पासवर्डने नोंद, दुसऱ्याच्या पासवर्डने मंजुरी. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. माणूस स्वतःची चूक स्वतः पाहू शकत नाही एवढेच त्यात गृहीत धरलेले असते.

आता आपल्या घरफाळ्याकडे या. दर ठरवणारे सभागृह महापालिकेचे, घर मोजून आकारणी करणारा अधिकारी महापालिकेचा, त्यातून येणारा पैसा महापालिकेचा, आणि आकारणी चुकली म्हणून तुम्ही दाद मागायला गेलात तर ती ऐकणारी समितीही त्याच सभागृहातल्या नगरसेवकांची. बँकेत असा कारभार आढळला तर ऑडिटर लाल शाईने पान भरून काढील. इथे मात्र आपण गेली कित्येक वर्षे मुकाट्याने चलन भरत आलो आहोत.

सीमाप्रश्नावर, फलकांवर, मराठी परिपत्रकांवर आपल्या या पत्रकात पुष्कळ लिहून झाले आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. पण मराठी माणसाचे शंभर वर्षांचे घर ज्या कागदावर टिकते किंवा बुडते, त्या कागदाविषयी आपण किती लिहिले? अपील कोण ऐकतो, त्याला कोण निवडतो, तो कधी बसतो, हे शहापूर, अनगोळ, वडगावातल्या दहा घरकर्त्यांना विचारून पाहा. नऊ जण म्हणतील, "अपील? ते कुठं असतंय?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो एका निवृत्त शिक्षिका बाईंनी, आमच्या काउंटरवर. पेन्शन काढायला आलेल्या. पिशवीतून एक नोटीस काढून म्हणाल्या, "बाळा, हे वाचून सांग रे. अपील म्हणे करायचं, ते कुणाकडं?" नोटीस बेळगावची नव्हती, एका लहान नगरपालिकेची होती, नाव लिहीत नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. ती बंद पडून पंचवीस वर्षे झाली. खोलीत आता धान्याच्या कणग्या आणि मोडका पाळणा. पण दप्तरी "वाणिज्य वापर" लिहिलेला, आणि आकारणी दुकानाच्या दराने. नोटीस पूर्ण कानडीत, बाईंना कानडी बोलता येते, वाचता येत नाही. मुदत उलटून तीन आठवडे झालेले. त्या ज्या टेबलावर विचारायला गेल्या होत्या तिथल्या माणसाने सांगितले होते, "इथंच द्या अर्ज, मीच बघतो." म्हणजे ज्याने नोटीस काढली त्याच्याच हातात तक्रार. बाईंनी ती दिली, आणि परत आल्या. पोच घेतली नव्हती. मी विचारले तेव्हा त्या ओशाळल्या, "मागायला कसंसंच वाटलं रे."

पुढे त्यांनी पैसे भरून टाकले. पेन्शनमधून.

आता बेळगावचे सांगतो. कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ चा. त्यात महापालिकेला चार स्थायी समित्या दिल्या आहेत. आरोग्य, शिक्षण व सामाजिक न्याय ही एक, नगररचना व विकास दुसरी, लेखा तिसरी, आणि जिच्याविषयी हा लेख आहे ती कर, अर्थ व अपील समिती. वृत्तपत्रात तिचे नाव बहुधा "अर्थ व कर स्थायी समिती" एवढेच छापून येते. शेवटचा शब्द गळतो. तो नुसता बातमीदाराकडून गळतो असे नाही, समितीत निवडून जाणाऱ्यांच्या मनातूनही गळलेला असतो. कर आणि अर्थ म्हणजे अंदाजपत्रक, आणि अंदाजपत्रक म्हणजे वजन. अपील म्हणजे म्हातारा-म्हातारीचे अर्ज ऐकत बसणे. कोणाला हौस आहे?

समितीत सात नगरसेवक, मुदत एक वर्ष. सभासदांची निवड सभागृहातून, अध्यक्षाची त्या सातांतून. कागदावर ही निवडणूक आहे. प्रत्यक्षात आदल्या रात्री कोणाच्या तरी बंगल्यावर यादी होते, सत्ताधाऱ्यांना इतके, विरोधकांना तितके, आणि सकाळी "बिनविरोध" म्हणून टाळ्या. महापौरपद हुकलेल्याला अध्यक्षपद, अध्यक्षपद हुकलेल्याला सभासदत्व. हिशेबाचे ज्ञान, कायद्याची ओळख, मालमत्तेच्या मोजणीची समज यांपैकी कशाचीही अट नाही. आमच्याकडे साधा कारकून व्हायला लेखी परीक्षा द्यावी लागते आणि बढतीसाठी पुन्हा पुस्तके उघडावी लागतात. आणि लाखो रुपयांच्या मालमत्तेचा वाद ऐकणाऱ्याला विचारायचे काय, तर तो कोणत्या गटाचा!

बरे, एखादा नगरसेवक खरोखर मन लावून शिकला, तर तो शिकेपर्यंत वर्ष संपते. नवी यादी, नवे सात, पुन्हा श्रीगणेशा.

कोणी म्हणेल, आता स्वयंघोषित आकारणी आहे, मालकच फॉर्म भरतो, मग अपिलाचा प्रश्न येतोच कुठे? येतो, आणि पूर्वीपेक्षा जास्त येतो. फॉर्म तुम्ही भरता, पण तो फिरवून तपासण्याचा अधिकार कार्यालयाकडे आहे. राहण्याचे घर की दुकान, बांधकाम किती वर्षांचे, क्षेत्रफळ किती, कोणत्या रस्त्याचा सरकारी दर लावायचा, या चार खणांत एक खूण बदलली की आकडा पालटतो. एकाच जुन्या वाड्यात पुढे दुकान, मध्ये थोरल्या भावाचे बिऱ्हाड, मागे धाकट्याचे, माडीवर भाडेकरू. गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात असे वाडे मोजायला बसलात तर बोटे पुरणार नाहीत. यातले किती चौरस फूट वाणिज्य आणि किती निवासी, हे एका कर्मचाऱ्याच्या एका भेटीवर ठरते. चूक व्हायला जागा भरपूर आहे. म्हणूनच ती ऐकणारा माणूस वेगळा हवा.

शिवाय दर वाढतच जाणार आहेत. पूर्वी दर तीन वर्षांनी वाढ होती. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानाला मालमत्ता कराच्या अटी जोडल्या, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात दरवर्षी ३ ते ५ टक्क्यांची चढण सुरू झाली. चुकीच्या आकड्यावरही ती चढतेच. आज हजार रुपयांची चूक राहिली, तर ती दरवर्षी आपल्याबरोबर मोठी होत जाते, मुदत ठेवीसारखी. फरक एवढाच की ठेव दुसऱ्याची आणि व्याज आपले.

पण सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. ही समिती सभागृहाच्या पोटातली. सभागृह नाही तर समिती नाही. आणि बेळगावचे सभागृह किती वेळा नव्हते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? सीमाप्रश्नाच्या ठरावापायी २००५ मध्ये ते बरखास्त झाले. २०११ मध्ये पुन्हा झाले. त्या दोन वेळा आपण रस्त्यावर आलो, निषेध केला, ते योग्यच होते. नंतर मार्च २०१९ मध्ये मुदत संपली. राज्यघटनेच्या २४३-यू कलमाप्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हे बजावूनही सांगितले होते. आपल्याकडे निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. ५८ नगरसेवक निवडून आले आणि घरी बसले. आरक्षणाच्या घोळात महापौर निवडायला ६ फेब्रुवारी २०२३ उजाडले. स्थायी समित्या त्याच्याही नंतर.

म्हणजे जवळजवळ चार वर्षे घरफाळ्याचे अपील ऐकायला नगरसेवकांची समिती नव्हती. मग कोण होते? प्रशासक. अशा काळात सभागृहाचे, महापौराचे आणि समित्यांचे अधिकार एकट्या प्रशासकाच्या हाती येतात. दराचा ठराव करणारा तोच, वसुलीच्या उद्दिष्टाचा जाब राज्य सरकारला देणारा तोच, अपील ऐकणारा तोच. सात जणांत निदान दोन विरोधी असतात, एखादा तरी "ओ साहेब, हे चुकतंय" म्हणतो. एकट्या खुर्चीत तेही नाही.

मी कारकून आहे, तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. थकबाकीवर दंड महिन्याला २ टक्के, जुलैपासून. समजा एखाद्या कुटुंबाच्या ९,००० रुपयांच्या रकमेवर वाद होता आणि त्यांनी ती निकालाच्या आशेने अडवून ठेवली. महिन्याला १८० रुपये. जुलै २०१९ ते जानेवारी २०२३ हे ४३ महिने. दंड ७,७४० रुपये. (कोरोनाच्या काळातल्या सवलती यात धरलेल्या नाहीत, त्याने थोडे कमी होईल.) नऊ हजारांच्या वादासाठी पावणेआठ हजार दंड! शहाणा माणूस काय करील? एप्रिलात ५ टक्के सूट मिळते ती घेऊन गुपचूप भरून मोकळा होईल. "लोक तक्रार करत नाहीत, म्हणजे आकारणी बरोबर आहे" असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

यावर उपाय काय, तो काही आकाशातून आणायचा नाही. आपलेच भाऊबंद जिथे पिढ्यान् पिढ्या राहतात त्या बडोद्यात पाहा. तिथला महापालिका कायदा मूळचा मुंबई राज्याचा, १९४९ चा. त्याच्या ४०६ व्या कलमाप्रमाणे करपात्र मूल्यावरचे अपील न्यायाधीशापुढे जाते, नगरसेवकापुढे नाही. मुंबईत १८८८ च्या कायद्यापासून ते लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाकडे जाते. हैदराबादचा १९५५ चा कायदा त्याच वाटेने गेला. सभागृह बरखास्त होवो, निवडणूक लांबो, महापौराचे आरक्षण कोर्टात अडको, न्यायाधीशाची खुर्ची तिथेच असते. आणि त्याला पुढच्या वर्षी कोणाच्या यादीत नाव लागायचे नसते.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर प्राप्तिकराचे घ्या. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण १९४१ मध्ये स्थापन झाले. एक सदस्य कायद्याचा, एक हिशेबाचा. आणि ते अर्थखात्याच्या हाताखाली नाही, कायदा खात्याच्या हाताखाली आहे, कारण कर गोळा करणाऱ्याच्या ताटात न्याय करणाऱ्याने जेवू नये. हे इंग्रजांच्या काळात दिल्लीला समजले होते. आपल्याकडच्या नगरविकास खात्याला अजून समजायचे आहे.

बडोद्याची पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तिथे अपिलाला पंधरा दिवसांची मुदत, आणि मागणीची रक्कम आधी भरा मग बोला. ही अट सर्वोच्च न्यायालयाने अनंत मिल्सच्या खटल्यात १९७५ मध्ये उचलून धरली. रक्कम भरणे फारच जड जात असेल तर न्यायाधीश पाव हिश्शापर्यंत सूट देऊ शकतो, तीन हिस्से तरी भरावेच लागतात. गरिबाला हे सोपे नाही. वकील लागतो, तारखा लागतात. पण तिथे हरलेल्या माणसाच्या हातात कारणांसह लिहिलेला निकाल असतो. आपल्याकडे समितीपुढे गेलेल्याच्या हाती काय पडते? "बघू या", "सांगतो त्यांना", "पुढच्या आठवड्यात या".

इथे आपल्यातलेच काही ज्येष्ठ मला थांबवतील हे मला माहीत आहे. ते म्हणतील, अरे, न्यायाधीश बदलून येणारा, त्याला आपली गल्ली ठाऊक नाही. नगरसेवक आपला, दारात भेटतो, मराठीत बोलतो, दोन शब्द टाकले की काम होते. खरे आहे, होते. मीही कधीतरी कोणासाठी तसे शब्द टाकले आहेत, खोटे कशाला बोलू? पण असे झालेले काम म्हणजे उपकार, आणि उपकाराची फेड मतदानाच्या दिवशी मागितली जाते. ज्याचा नगरसेवक "आपला" नाही त्याने काय करायचे? २०२१ मध्ये ५८ पैकी ३५ जागा एका राष्ट्रीय पक्षाकडे गेल्या आणि आपल्या समितीच्या पदरी बोटांवर मोजण्याइतक्या पडल्या. कालपर्यंत ज्यांच्या दारात शब्द टाकत होतो त्यांच्याच हातात काही उरले नाही. तेव्हा आठवण झाली की अपिलाचा हक्क म्हणून काही असायला हवा होता.

आणि आपल्या हातात होते तेव्हा आपण काय केले? वर्षानुवर्षे महापौर मराठी होता, समित्यांवर मराठी अध्यक्ष होते. अपिलाचे वार ठरवले? अर्जांचे रजिस्टर लोकांना पाहायला ठेवले? निकाल मराठीतही द्यावा असा नियम केला? महापौर कोणाचा यावर आपण रात्ररात्र बैठका घेतल्या, एकमेकांची तोंडे पाहणे सोडले. अर्थ समितीच्या खुर्चीने मात्र रुसलेल्यांची समजूत काढली. आज ती खुर्ची दुसरे त्याच कामासाठी वापरतात, तर त्यांना नावे ठेवायला आपल्याला तोंड नाही. हे वाक्य काहींना झोंबेल. झोंबू दे.

घरकर्त्यांनाही दोन शब्द. आपल्या जुन्या घराण्यांत घर अजून पणजोबांच्या नावावर असते. वारसा नोंदवायची तर सगळे भाऊ एकत्र बसायला हवेत, आणि ते फक्त कोणाच्या तेराव्याला बसतात. नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने येते, कोणी उघडत नाही, मुदत जाते. दुसरे, माडी वाढवली ती दप्तरात दाखवलेली नसते. मग अपील करायला भीती वाटते, कारण मोजायला आले तर माडीही मोजतील. अशा माणसाचे अपील जगातले कोणतेही न्यायपीठ वाचवणार नाही. माडी दाखवा, तिचा कर भरा, आणि मग बंद गिरणीचा दुकानदराने लावलेला कर ताठ मानेने नाकारा.

भाषेचे म्हणाल तर राज्यघटनेचे ३५० वे कलम स्पष्ट आहे. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बेळगावात मराठी वापरली जाते हे सिद्ध करायला आयोग नेमायला नको. तेव्हा घरफाळ्याचे अपील मराठीत लिहा, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मागताना त्या शिक्षिका बाईंसारखे "कसंसं" वाटून घेऊ नका. आम्ही बँकेत दिवसाला दोनशे वेळा शिक्का मारतो, कोणाला राग येत नाही.

मागणी माझी मोठी नाही. घरफाळ्याचे अपील नगरसेवकांच्या समितीकडून काढून न्यायाधीशाकडे द्यावे, ही दुरुस्ती विधानसभेत मांडावी लागेल. जिल्ह्यातल्या आमदारांना, ते कोणत्याही पक्षाचे आणि कोणत्याही भाषेचे असोत, हे निवेदन आपल्या संघटनेने द्यावे. यात कानडी घरमालकाचेही तेवढेच हित आहे. आमच्या शाखेतला माझा कानडी सहकारी सदाशिवनगरात राहतो, त्याची कहाणी माझ्याहून वेगळी नाही, आणि तो सही करायला तयार आहे. ज्या कामात दोन्हीकडचे लोक एका कागदावर सही करू शकतात असे काम या शहरात सहसा मिळत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत समितीने निदान बैठकीचा वार जाहीर करावा, आणि निकाल कारणांसह लेखी द्यावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, इच्छा लागते.

आणि आपण? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. मी मसुदा तयार ठेवला आहे. २०१३ पासून आजवर दरवर्षी समितीकडे किंवा प्रशासकाकडे किती अपिले आली, किती ऐकली, किती मान्य झाली, किती प्रलंबित आहेत, आणि समितीच्या कार्यवृत्तात अपिलाचा विषय किती वेळा आला, एवढे पाच प्रश्न. अर्ज एकाने टाकला तर कोपऱ्यात पडेल, म्हणून प्रत्येक प्रभागातून एक असे ५८ अर्ज हवेत. मसुद्याच्या प्रती संघटनेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी दहा ते बारा मी स्वतः तिथे असेन. येताना घरफाळ्याचे चलन आणि सीटीएस उतारा घेऊन या, कोणाचे क्षेत्रफळ किंवा वापर चुकला असेल तर तेही बसून तपासू.